डोंगरावर निघालेल्या लेकीची खरेदी: पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

मी काठीहून बोलते आहे. आज कर्जाबद्दल बोलायचे आहे, पण शेळी, बियाणे किंवा शिलाई मशिनच्या कर्जाबद्दल नाही. आमच्या गटाच्या नोंदवहीत पहिल्यांदाच एका वेगळ्या कारणासाठी कर्जाची मागणी आली, त्याची ही गोष्ट आहे.

गटातल्या एका ताईची मुलगी कॉलेजात शिकते. तिची निवड हिमालयातल्या एका गिर्यारोहण संस्थेच्या प्राथमिक कोर्ससाठी झाली. फीची सोय शिक्षकांनी खटपट करून लावली. राहिले ते सामान. ताईच्या भावाने शहरातल्या एका साहित्याच्या दुकानात फोन केला आणि दुकानदाराने यादी पाठवली. बूट ४,५०० रुपये, पिसांचे जॅकेट ५,५००, झोपायची पिशवी म्हणजे स्लीपिंग बॅग ४,०००, मोठी सॅक ३,८००, पावसाचा कोट आणि पँट २,७००, आतले गरम कपडे दोन जोड १,८००, गॉगल ९००, डोक्याला बांधायची टॉर्च ८००. एकूण २४,००० रुपये.

ताई बैठकीत आल्या आणि म्हणाल्या, "मला चोवीस हजार द्या. गट देणार नसेल तर गळ्यातली चांदी गहाण ठेवते. पोरगी मागे राहायला नको."

ताईंचे चुकत नव्हते. सातपुड्यातल्या पोरीच्या पायात डोंगर लहानपणापासून असतो. आपल्यासारख्याच घरांतली मुले कुठवर जातात हे आता महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१८ च्या मे महिन्यात आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य' मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. त्यात मनीषा धुर्वे ही मुलगी होती. एव्हरेस्टवर जाणाऱ्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल उत्तरकाशीजवळच्या खेड्यातल्या. २३ मे १९८४ रोजी त्या शिखरावर पोहोचल्या. शिकत असताना त्यांनी शिवणकाम करून शिक्षणाचा खर्च भागवला होता. म्हणजे गरीब घरची मुलगी डोंगरावर जाऊ शकते, यात शंका नाही. प्रश्न एवढाच होता की त्यासाठी आईच्या गळ्यातली चांदी जायला हवी का?

आधी कर्जाचा हिशेब

आमच्या गटात अंतर्गत कर्जाला महिन्याला शेकडा २ रुपये व्याज आहे. २४,००० रुपये बारा महिन्यांत फेडायचे तर दरमहा २,००० मुद्दल आणि वर व्याज. मुद्दल कमी होत जाते तसे व्याजही कमी होते. सगळे मिळून व्याज होते ३,१२० रुपये. म्हणजे चोवीस हजारांची खरेदी ताईंना २७,१२० रुपयांना पडणार होती. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा बैठकीत कोणी बोलेना.

मग मी संस्थेचे पत्र मागितले. ते इंग्रजीत होते. घरात सगळ्यांनी पहिले पान पाहिले होते: तारीख, फी, पोहोचायचे ठिकाण. दुसऱ्या पानावर दोन याद्या होत्या. एक, 'सोबत आणायचे सामान'. दुसरी, 'संस्थेच्या भांडारातून मिळणारे सामान'. दुसऱ्या यादीत पिसांचे जॅकेट, स्लीपिंग बॅग, सॅक, बर्फात चालायचे बूट, दोर, हेल्मेट असे सगळे होते. कोर्स संपला की परत करायचे. दुकानदाराच्या यादीतले १३,३०० रुपयांचे सामान संस्थाच देणार होती.

मैत्रिणींनो, हे एकाच संस्थेपुरते नाही. दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था १९५४ साली सुरू झाली, उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ साली. मनालीलाही अशी सरकारी संस्था आहे. अशा ठिकाणी शिकणाऱ्याला महागडे साहित्य भांडारातून देण्याची पद्धत आहे, कारण चार आठवड्यांच्या कोर्ससाठी कोणीही एवढे सामान विकत घेऊ नये. बर्फावर घसरायचा जो खेळ आहे, स्कीइंग, त्याचेही तसेच. काश्मीरमधल्या गुलमर्गला आणि उत्तराखंडमधल्या औलीला तो शिकवतात. त्याच्या लांब पट्ट्या, कडक बूट आणि काठ्या तिथेच मिळतात, एक तर फीमध्ये धरलेल्या असतात, नाही तर भाड्याने. म्हणून पैसे देण्याआधी संस्थेला फोन करून तीन प्रश्न विचारायचे: तुम्ही काय देता? भाडे किंवा अनामत किती? माझ्या मापाचे आहे का?

यादीचे चार भाग करा

आम्ही त्या दिवशी फळ्यावर चार रकाने आखले. तुम्हीही असेच करा.

पहिला रकाना: संस्था देते ते. हे सामान यादीतून खोडायचे.

दुसरा रकाना: घरात आहे ते. जाड स्वेटर, लोकरी टोपी, स्टीलची पाण्याची बाटली, शिट्टी, सुई-दोरा, टॉवेल. नावे इंग्रजीत असली की वस्तू नवीन वाटते. 'फ्लीस' म्हणजे हलके, गरम, लवकर वाळणारे जॅकेट. तसे ताईंच्या पुतण्याकडे होते. 'बफ' म्हणजे गळ्याला आणि तोंडाला गुंडाळायचे कापड. ते काम आपली ओढणीही करते. टोपी एका मैत्रिणीने विणून दिली.

तिसरा रकाना: मागून किंवा भाड्याने मिळेल ते. मनालीला जाणाऱ्या रस्त्यावर बर्फाचे कोट आणि बूट भाड्याने देणारी दुकाने ओळीने आहेत. पुण्या-मुंबईकडचे, नाशिककडचे गिर्यारोहण क्लब आपल्या सभासदांना साहित्य वापरायला देतात. भाड्याने घेताना चेन ओढून बघा, शिवण बघा आणि आधीच्या डागांचा, फाटल्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, म्हणजे परत करताना भांडण नको.

चौथा रकाना: विकत घ्यायलाच हवे ते. पायाला नेमके बसले पाहिजे, अंगाला चिकटून असते किंवा जिवाशी गाठ असते, असे सामान या रकान्यात येते. आमच्या यादीत बूट, आतले कपडे, पावसाचा सेट, गॉगल आणि टॉर्च एवढेच उरले.

दुकानात काय बघायचे

आता चौथ्या रकान्याकडे वळू. इथे स्वस्त आणि चांगले यातला फरक कळायला हवा.

*बूट.* माप नंबरवर घेऊ नका, सेंटिमीटरवर घ्या, कारण प्रत्येक कंपनीचा नंबर थोडा वेगळा बसतो. संध्याकाळी कागदावर उभे राहून पायाची आकृती काढा. चालून चालून पाय संध्याकाळी थोडे फुगलेले असतात, डोंगरावरही तसेच होते. दोन्ही पायांपैकी मोठा पाय धरा आणि पुढे बोटभर जागा सोडा. दुकानात जाड मोजे घालूनच बूट घाला, आणि उतारावर उभे राहिल्यासारखे पाय पुढे झुकवा. बोटे पुढे आपटत असतील तर तो बूट नको. आपल्या मुली लहानपणी बऱ्याचदा अनवाणी चालतात, त्यामुळे पंजा पुढून रुंद असतो. मुलींच्या बुटात बोटे दाबली जात असतील तर मुलांचा त्याच लांबीचा बूट घालून बघा. पाय लहान असेल तर मोठ्या मुलांच्या विभागातही बघा, तिथे तशाच बुटाची किंमत बऱ्याचदा कमी असते.

*पावसाचा कोट.* लेबलवर २,००० मिमी, ५,००० मिमी, १०,००० मिमी असा आकडा असतो. त्या कापडावर तितक्या उंचीचे पाणी उभे केले तरी ते आत झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. तासभराच्या सरीला लहान आकडा चालतो. दिवसभर पाऊस आणि खांद्यावर ओझे असेल तर मोठा आकडा हवा, कारण पट्टा दाबतो तिथूनच पाणी आत येते. कोट उलटा करून शिवणीवर आतून पट्टी चिकटवली आहे का ते बघा. पट्टी नसेल तर कापड कितीही चांगले असले तरी शिवणीतून गळणार.

*आतले कपडे.* सुती कापड उन्हाळ्यात चांगले, थंडीत वाईट. ते घाम पिऊन ओले राहते आणि अंगातली ऊब घेऊन जाते. थंडीत अंगाला लागून घाम लवकर सुकवणारे कापड, त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारा कोट, असे तीन थर हवेत. एकाच जाड कोटापेक्षा तीन पातळ थर जास्त उपयोगी, कारण चढताना एक काढता येतो, थांबल्यावर घालता येतो. आपल्या डाब-वालंबा भागात पहाटे दव गोठते, तेव्हा गुराखी पोरगा बंडीवर स्वेटर आणि वर घोंगडी घेतो. तोच नियम.

*गॉगल.* इथे काटकसर करू नका. बर्फावरून ऊन परत फिरून डोळ्यात जाते आणि डोळे भाजल्यासारखे होतात. बाजारातला नुसता काळ्या काचेचा स्वस्त चष्मा तर उलट घातक. काच काळी म्हणून डोळ्याची बाहुली मोठी उघडते आणि न दिसणारे अतिनील किरण जास्त आत शिरतात. लेबलवर 'यूव्ही ४००' किंवा अतिनील किरणांपासून पूर्ण संरक्षण असे लिहिलेले हवे.

*हेल्मेट, दोर, कमरेचा पट्टा.* कधी घ्यायची वेळ आलीच तर या तीन गोष्टी जुन्या घ्यायच्या नाहीत. आत कुठे चीर गेली आहे, किती वेळा झटका बसला आहे, हे वरून दिसत नाही. सॅक, कोट, फ्लीस जुने चालेल.

पैसे कमी कसे होतात

पहिली गोष्ट हंगाम. थंडीचे कपडे थंडी संपताना स्वस्त होतात, पावसाचे सामान पाऊस सरल्यावर. दुकानदाराला माल पुढच्या वर्षापर्यंत ठेवायचा नसतो. कोर्स मे महिन्यात असेल तर गरम कपडे होळीच्या सुमाराला घ्या. भोंगऱ्या बाजाराला निघतो तेव्हाच ही यादीही काढायची.

दुसरी गोष्ट मागच्या वर्षीचे मॉडेल. बूट तोच असतो, रंग बदललेला असतो. "मागच्या वर्षीचा शिल्लक आहे का?" हे विचारायला लाजू नका. आमच्या मुलीला ४,५०० च्या बुटाऐवजी मागच्या वर्षीचा तितकाच मजबूत बूट २,८०० ला मिळाला. रंग केशरी होता. डोंगराला त्याचे काय!

तिसरी गोष्ट कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर आणि बुटांवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वरच्या किमतीला १८ टक्के. दोन सारख्याच वस्तूंची किंमत या आकड्याच्या अलीकडे-पलीकडे असेल तर अलीकडची बघा. आणि पाकिटावरच्या छापील कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. छापील किमतीवर कोणी आणखी टॅक्स मागत असेल तर तो द्यायचा नाही.

चौथी गोष्ट सूट. '५० टक्के सूट' वाचून खुश होऊ नका. सूट छापील किमतीवर असते आणि ती किंमत कंपनीच छापते. दोन-तीन ठिकाणी हातात पडणारी किंमत विचारा आणि तीच ताडून बघा. डेकॅथलॉनसारख्या साखळी दुकानांत भाव लिहिलेला असतो, घासाघीस होत नाही. पण त्यांच्या वेबसाइटवर भाव घरबसल्या बघता येतो, म्हणजे दुसऱ्या दुकानात बोलताना आपल्याकडे आकडा असतो.

पाचवी गोष्ट प्रवास. काठीहून देवगोई घाट उतरून अक्कलकुवा, तिथून सुरत किंवा नाशिक. गाडीभाडे आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी धरली तर पाचशेची सूट उरत नाही. दुसऱ्या कामाने कोणी जात असेल तर त्यांच्याबरोबर जा. ऑनलाइन मागवत असाल तर आधी आपला पिनकोड टाकून बघा: सामान गावात येते की मोलगी-अक्कलकुव्याहून आणावे लागते? माप चुकले तर परत न्यायला कोण येणार? बूट शक्यतो पायात घालूनच घ्या, बाकीचे ऑनलाइन चालेल. आणि निम्म्याहून कमी भावात नवे सामान दाखवणाऱ्या, आगाऊ पैसे मागणाऱ्या अनोळखी लिंकपासून लांब राहा. पैसे परत मिळण्यासाठी कधीही ओटीपी सांगावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही.

पावती हेच आपले कागदपत्र

पावती मागून घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा, कारण छापील अक्षरे पुसट होतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पावती न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. वस्तू सदोष निघाली तर पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, दुकानदाराने ती परत घ्यायला हवी. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी सदोष मालाला लागू होत नाही. पण आपल्याला रंग आवडला नाही म्हणून वस्तू परत घेण्याची सक्ती नाही, हेही लक्षात ठेवा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आमचा शेवटचा हिशेब

बूट २,८००, पावसाचा सेट १,५००, आतले कपडे एक जोड ९००, गॉगल ९००, डोक्याची टॉर्च ५००. एकूण ६,६०० रुपये. त्यातले ६०० ताईंनी हातातून घातले आणि ६,००० गटाने कर्ज दिले, दरमहा १,००० मुद्दलाप्रमाणे सहा महिन्यांचे. व्याज झाले ४२० रुपये. सगळे मिळून ७,०२०. आधीचा आकडा आठवा: २७,१२०. फरक २०,१०० रुपयांचा. गळ्यातली चांदी गळ्यातच राहिली.

एक चूक मात्र आमच्याकडून झाली, तीही सांगते. मोज्यांवर आम्ही पैसे वाचवले. घरातले सुती मोजे दिले. ते ओले झाले, पाय घासले आणि पहिल्याच आठवड्यात टाचांना फोड आले. तिच्या खोलीतल्या एका मुलीने लोकरी मोजे दिले म्हणून निभावले. मी फळ्यावर मोजे 'घरात आहे' या रकान्यात लिहिले होते, ते 'विकत घ्यायलाच हवे' मध्ये लिहायला हवे होते. दोनशे-तीनशे रुपये वाचवायला गेलो आणि पोरीच्या पायाला त्रास दिला. बुटाचे मात्र बरोबर केले. निघायच्या आधी तीन आठवडे ती रोज ते घालून काठी-मोलगी रस्त्याने चालली, त्यामुळे बूट पायाला बसले होते.

मुलगी कोर्स पूर्ण करून आली आहे. आल्यावर तिने बूट धुऊन चुलीजवळ वाळत ठेवले, तेव्हा मीच ओरडले. चुलीच्या धगीने तळव्याचा डिंक सुटतो. बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवायचे.

आता गटाने ठरवले आहे की एक पत्र्याची पेटी ठेवायची. पावसाचा सेट, टॉर्च, गॉगल, टोपी त्यात धुऊन, वाळवून ठेवायचे आणि वहीत नोंद करायची. गावातल्या ज्या मुलीला पुढे शिबिराला जायचे असेल तिने थोडी अनामत ठेवून न्यायचे आणि जसेच्या तसे परत आणायचे. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला डोंगर चढणाऱ्यांनाही टॉर्च देता येईल. पेटीत सध्या चारच वस्तू आहेत. पण पुढच्या मुलीची यादी तेवढ्या चार वस्तूंनी कमी झाली.

तुमच्या गटात अशी मागणी आली तर "एवढ्याचे काय काम?" म्हणून नाही म्हणू नका, आणि डोळे झाकून होही म्हणू नका. पत्राचे दुसरे पान कोणाकडून तरी वाचून घ्या, फळ्यावर चार रकाने आखा, आणि मोजे चौथ्या रकान्यात लिहा.